ऊन पाण्याचं गाव, तहानेचा वेढा आणि नाताळचा भूकंप: अल्हामा दे ग्रानादा समजून घेताना

स्पेनच्या सहलीला जाणारे मराठी पर्यटक ग्रानादाला हमखास थांबतात, ते अल्हम्ब्राचा राजवाडा पाहायला. तिथून नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर, घळीच्या काठावर सहा हजारांच्या आसपास वस्तीचं एक गाव आहे, अल्हामा दे ग्रानादा. सहलवाले तिकडे सहसा नेत नाहीत. आता समाजमाध्यमांवर नदीकाठच्या कुंडांत वाफाळत्या पाण्यात बसलेल्या लोकांचे फोटो फिरतात आणि खाली तेच ते प्रश्न येतात. इथे ज्वालामुखी आहे का? पाणी वर्षभर गरम असतं का? हे फुकट कसं? आणि कुणीतरी इतिहास वाचलेला माणूस हमखास विचारतो, ज्या अल्हामाच्या पाडावापासून ग्रानादाच्या सुलतानशाहीचा शेवट सुरू झाला, ते हेच का?

हो, हेच. या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. गावाच्या पोटाखालच्या खडकाला ज्या हालचालीनं तडे गेले, तिनंच गावाला ऊन पाणी दिलं आणि तिनंच 1884 मध्ये गाव पाडलं. तिनंच उभ्या केलेल्या डोंगरांतून रस्ता जायचा म्हणून लढाईही इथे झाली. म्हणून सुरुवात राजांपासून न करता खडकापासून करू.

(अल्हामा नावाची गावं स्पेनमध्ये अनेक आहेत. अरबी काळात ऊन झऱ्याच्या बहुतेक गावांना हेच नाव पडलं. त्यामुळे ‘दे ग्रानादा’ जोडल्याशिवाय शोधू नका, भलतीकडेच पोहोचाल.)

## ज्वालामुखी नाही, मग पाणी तापतं कुठे?

जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढतं. ढोबळ मानानं दर किलोमीटरला 25 ते 30 अंश सेल्सिअस. हे जगात जवळपास सगळीकडे लागू आहे, तुमच्या सोसायटीच्या बोअरवेलखालीसुद्धा. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. पाणी तेवढं खोल जायला हवं आणि थंड व्हायच्या आत वर यायला हवं, एवढंच.

अल्हामाच्या दक्षिणेला सिएरा तेखेदाचे डोंगर आहेत. चुनखडक आणि त्याचा भाऊबंद डोलोमाइट यांचे. हा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो, त्यामुळे त्यात भेगा नि पोकळ्या पुष्कळ. डोंगरावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ त्यातून झिरपत खाली जातो. खाली जाताना तापतो. आणि मग वाटेत त्याला भ्रंश भेटतो. भ्रंश म्हणजे खडकाला गेलेला असा मोठा तडा, ज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतात. हा तडा पाण्याला सरळ वर यायची वाट देतो.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. अल्हामात नरसाळं म्हणजे डोंगर, तोटी म्हणजे भ्रंश आणि जाळ म्हणजे पृथ्वीची अंगची उष्णता. फरक वेळेचा. अशा खोल फेऱ्याला वर्षानुवर्षं लागतात. म्हणूनच वरचा पाऊस यंदा कमी झाला तरी झऱ्याचं तापमान लगेच हलत नाही.

हिशेब आपणही करू शकतो. अल्हामाच्या मुख्य झऱ्याचं पाणी सुमारे 47 अंशांचं आहे. तिथल्या हवेचं वार्षिक सरासरी तापमान 15 च्या आसपास धरा. फरक 32 अंशांचा. किलोमीटरला 30 या हिशेबानं पाणी किमान एक किलोमीटर खोल गेलेलं असणार. वर येताना ते थोडं निवतंही, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून खोल.

आपल्याकडच्या वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, राजापूर इथल्या कुंडांचंही साधारण असंच आहे. सह्याद्रीचा खडक ज्वालामुखीचा खरा, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवला. आज तिथलं पाणी तापतं ते खोलीमुळे.

## ‘गरम’ म्हणजे नेमकं किती?

इथे स्पेनच्या कायद्यानं एक सोपी रेघ ओढली आहे. झऱ्यातून बाहेर पडणारं पाणी त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानापेक्षा निदान चार अंशांनी जास्त ऊन असेल, तर ते औष्णिक पाणी. म्हणजे थंड डोंगरात 18 अंशांचं, हाताला गारच लागणारं पाणीही कायद्यानं औष्णिक ठरू शकतं. अल्हामाच्या 47 अंशांना अर्थातच कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. उलट ते अंघोळीला फारच कढत आहे आणि निववूनच वापरावं लागतं.

पाण्याचा दुसरा गुण म्हणजे त्यात विरघळलेले क्षार. खडकातून इतका लांबचा प्रवास करताना ते बायकार्बोनेट, सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही सोबत घेऊन येतं. औषधी म्हणून सरकारमान्यता मिळालेल्या अशा पाण्याला तिथे खनिज-औषधी पाणी म्हणतात. ही मान्यता का महत्त्वाची, ते शेवटी येईल.

## बतूताची साक्ष

झऱ्याजवळ एक जुना पूल आहे, तो रोमन म्हणून दाखवतात. रोमनांनी ऊन पाण्याचा झरा सोडला असेल, हे संभवतच नाही. पण आज डोळ्यांनी दिसतो तो वारसा त्यांच्या नंतरचा, मुस्लिम काळातला. झऱ्यावर आज उभ्या असलेल्या हॉटेलच्या पोटात मध्ययुगीन स्नानगृहाचं दालन जपलेलं आहे. नालाच्या आकाराच्या कमानी, त्यांवर पेललेला अष्टकोनी घुमट, घुमटात उजेडासाठी ठेवलेले झरोके आणि खाली थेट झऱ्याचं पाणी. पाणी कुठून आणून सोडलेलं नाही. झरा होता तिथेच त्याच्यावर इमारत चढवली.

या स्नानगृहाची सगळ्यात छान लेखी साक्ष आहे ती इब्न बतूताची. तोच मोरोक्कोचा प्रवासी, जो 1342 च्या सुमारास दिल्लीहून निघून दौलताबादला आला, नंदुरबारला मराठे कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी भेटले असं ज्यानं लिहून ठेवलं आणि जो पुढे गोव्यालाही पोहोचला. मायदेशी परतल्यावर 1350 मध्ये तो अंदालुसियाला, म्हणजे स्पेनच्या दक्षिण भागात गेला. मालागा, मग बेलेस, मग अल्हामा, मग ग्रानादा अशी त्याची वाट होती. अल्हामाबद्दल तो थोडक्यात सांगतो. छोटं गाव, मशीद मोक्याच्या जागी नि सुरेख बांधलेली. गावापासून मैलभरावर नदीच्या काठी ऊन पाण्याचा झरा, आणि तिथे पुरुषांसाठी एक, बायकांसाठी एक अशी दोन वेगळी स्नानगृहं.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, झरा गावात नाही, मैलभर लांब आहे. दोन, बतूता समुद्राकडून ग्रानादाला जात होता आणि अल्हामा त्याच्या वाटेत लागलं. पुढच्या सगळ्या भानगडी या दोन गोष्टींतून निघतात.

## एवढ्याशा गावासाठी एवढी लढाई कशाला?

नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेला भूमध्य समुद्र आणि मालागा बंदर. उत्तरेला ग्रानादा ही राजधानी. मधे डोंगरांची भिंत. त्या भिंतीत सफारायाजवळ एक खिंड आहे. तिथून येणारा रस्ता अल्हामाच्या पायथ्यावरून ग्रानादाच्या मैदानात उतरतो. म्हणजे अल्हामा हातात असेल तर राजधानी आणि बंदर यांच्यामधली दोरी तुमच्या मुठीत.

पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये मुस्लिम राज्य उरलं होतं ते एकटं ग्रानादाचं. उत्तरेला इसाबेला आणि फर्डिनांड या राजाराणीचं ख्रिस्ती राज्य. सीमेवर चकमकी रोजच्याच. 1481 च्या डिसेंबरात ग्रानादाच्या सुलतानानं, अबुल हसन अलीनं, साहारा हे सीमेवरचं ठाणं घेतलं. त्याचा वचपा म्हणून कादिझच्या मार्क्विसनं, रोद्रिगो पोन्से दे लेओननं, भलताच डाव टाकला. सीमेवरचं एखादं ठाणं न घेता तो थेट शत्रूच्या मुलखात खोलवर घुसला. काही हजार माणसं घेऊन आडवाटांनी, रात्रीचा प्रवास करत. 28 फेब्रुवारी 1482 च्या पहाटे शिड्या लावून त्याच्या निवडक माणसांनी किल्ल्याची भिंत चढली. गल्लोगल्ली लढाई झाली आणि अल्हामा पडलं.

अल्हामा बेसावध का होतं? कारण कुणी इथे येईल असं कुणाच्या मनातच नव्हतं. तीन बाजूंनी कडा, राजधानी घोड्यावरून दिवसभराच्या अंतरावर, आणि गाव विश्रांतीचं, ग्रानादाकरांच्या स्नानाचं. ग्रानादात हाहाकार उडाला. अल्हामा गेल्याचा शोक करणारं स्पॅनिश कथागीत पुढे इतकं गाजलं की इंग्रज कवी बायरननं ते इंग्रजीत आणलं. शोकगीत मुस्लिम राजाच्या तोंडी आणि भाषा विजेत्यांची, हे मला नेहमीच जरा विचित्र वाटत आलं आहे.

## ऊन पाण्याच्या गावात पाण्याची मारामार

आता बतूताचा ‘मैलभर’ आठवा. घेतलं तर खरं, पण मार्क्विस आत अडकला. अबुल हसन काही दिवसांतच मोठी फौज घेऊन आला. गाव कड्यावर, नदी खाली घळीत. गावात पुरेशा विहिरी नव्हत्या. पाणी यायचं ते नदीवरून, तटाच्या आडोशानं खाली उतरणाऱ्या वाटेनं. सुलतानानं तट पाडण्यापेक्षा पाणी तोडण्यावर भर दिला. नदीचा प्रवाह वळवायचा प्रयत्न केला, वाटेवर तिरंदाज बसवले. प्रत्येक घागरीसाठी चकमक होऊ लागली. ज्या झऱ्यासाठी गाव प्रसिद्ध, तो तटाबाहेर, शत्रूच्या छावणीकडे. वेढ्यात अडकलेल्या सैनिकांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सुटका केली ती मदिना सिदोनियाच्या ड्यूकनं. हा मार्क्विसचा हाडवैरी. दोन्ही घराण्यांनी सेव्हिलच्या परिसरात वर्षानुवर्षं एकमेकांची माणसं मारलेली. तरी मार्चच्या अखेरीस तो फौज घेऊन धावून आला आणि सुलतानाला वेढा उठवावा लागला. तटाबाहेर दोन वैऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली, असं बखरकार रंगवून सांगतात. मिठीचं राहू द्या, वैर खरंच बरंचसं निवळलं.

मग राजदरबारात वाद झाला. शत्रूच्या पोटात असलेलं हे गाव ठेवायचं की जाळून परत यायचं? रसद पोहोचवायची तर दर वेळी एक मोहीमच काढावी लागणार. बऱ्याच जणांचं मत सोडून द्या असंच होतं. इसाबेलानं ठामपणे सांगितलं, ठेवायचं. पुढे फर्डिनांड स्वतः आला, मशिदींची चर्चेस झाली.

पुढच्या काळातली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तेन्दियाचा काउंट अल्हामाचा किल्लेदार असताना शिपायांना पगार द्यायला त्याच्याकडे नाणी उरली नाहीत. त्यानं कागदाच्या चिठ्ठ्यांवर रकमा लिहिल्या, सही केली आणि बाजारात त्या घ्यायला न नाकारण्याचा हुकूम काढला. वेळ आल्यावर सगळ्या चिठ्ठ्यांचे खरे पैसे चुकतेही केले, असं समकालीन बखरीत आहे. युरोपातल्या कागदी चलनाच्या आरंभीच्या उदाहरणांत हिचं नाव घेतात. पावसानं तटाचा एक भाग ढासळला तेव्हा त्यानं रंगवलेलं कापड ताणून भगदाड झाकलं आणि कापडामागे भिंत पुन्हा उभी केली, ही दुसरी गोष्ट. ती थोडी जास्तच गोड आहे, तेव्हा चिमूटभर मिठासह घ्या.

दहा वर्षं युद्ध चाललं. 2 जानेवारी 1492 ला ग्रानादा शरण आलं. ‘अल्हामामुळे ग्रानादा पडलं’ असं म्हणणं ताणलेलं होईल. सुलतानाच्या घरातच बापलेकांचं, काकापुतण्याचं भांडण लागलं होतं आणि तोफांनी जुन्या तटांचा जमाना संपवला होता. पण सीमेवरच्या चकमकींचं रूपांतर जिंकेपर्यंत थांबायचं नाही अशा युद्धात झालं, ते अल्हामा ठेवायचं ठरलं तेव्हा.

## अंघोळ हा गुन्हा कसा ठरला?

इतिहासाच्या पुस्तकांत हा भाग घाईनं उरकतात, आणि खरं तर स्नानाच्या गावाच्या इतिहासात तोच महत्त्वाचा.

शरणागतीच्या करारात मुस्लिमांना धर्म पाळायची मुभा होती. ती दहा वर्षंही टिकली नाही. धर्मांतर किंवा देशत्याग अशी निवड समोर आली आणि बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला. अशा धर्मांतरितांना मोरिस्को म्हणत. पण नाव बदललं तरी भाषा, कपडे, लग्नातली गाणी आणि हमामात जायची सवय तीच राहिली. हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. राज्यकर्त्यांना शंका, की नमाजाआधीचं शुद्धिस्नान हमामाच्या आडून चालतं.

1567 मध्ये राजा दुसऱ्या फिलिपच्या फर्मानानं अरबी भाषा, पारंपरिक पोशाख आणि स्नानगृहं यांवर बंदी आली. फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदारानं त्याविरुद्ध ग्रानादाच्या न्यायालयाच्या अध्यक्षाला एक अर्ज लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. स्नानगृहं अंगाचा मळ काढायला आहेत, धर्मविधीला नाहीत, असा त्याचा सरळ व्यवहारी युक्तिवाद होता. कुणी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी मोरिस्कोंनी उठाव केला. तो 1571 पर्यंत चिरडला गेला, ग्रानादाच्या मोरिस्कोंना देशभर पांगवलं गेलं आणि 1609 ते 1614 मध्ये स्पेनभरच्या मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं.

मग अल्हामाचं स्नानगृह कसं वाचलं? शहरातल्या हमामात पाणी लाकडं जाळून तापवावं लागे. ते चैनीत मोडलं, आणि संशयातही. डोंगरातला झरा मात्र आपोआप तापलेला, आणि तिथे सांधे धरलेले, कातडीचे आजार असलेले लोक जायचे. अंघोळ बदनाम झाली, उपचार झाला नाही. माझ्या मते अल्हामाचा घुमट आज उभा दिसतो तो या फरकामुळे.

1816 मध्ये स्पेनच्या राजानं महत्त्वाच्या औषधी झऱ्यांवर सरकारी वैद्य नेमायचा हुकूम काढला. पाण्याचं पृथक्करण करायचं, कोण कशासाठी आलं नि कसं गेलं याची नोंद ठेवायची, हे त्याचं काम. एकोणिसाव्या शतकात मग झऱ्याला हंगाम आला, खोल्या आल्या, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणारे मध्यमवर्गीय आले.

## 25 डिसेंबर 1884

नाताळची रात्र. नऊ वाजून गेले होते. थंडी कडाक्याची, माणसं घरांत. आणि जमीन हलली.

तिथे तेव्हा भूकंपमापक यंत्रं नव्हती, त्यामुळे तीव्रतेचा आजचा आकडा पडझडीवरून मागे जाऊन काढलेला आहे. रिश्टर मापावर साधारण साडेसहाच्या आसपास. एकूण मृतांचे आकडे साडेसातशेपासून बाराशेपर्यंत वेगवेगळे मिळतात. सुमारे 4,400 घरं जमीनदोस्त झाली, त्याहून कितीतरी जास्त मोडली. आरेनास देल रेय हे शेजारचं गाव जवळजवळ पूर्ण गेलं. जीवितहानी सगळ्यात जास्त झाली ती अल्हामात. एकट्या या गावात चारशेहून अधिक माणसं मेली.

का? ज्या कड्यानं चारशे वर्षांपूर्वी गावाचं रक्षण केलं, तोच आता उलटला. उतारावर एकावर एक चढलेली घरं, मधे अरुंद बोळ. भिंती दगडमातीच्या, जोड कमकुवत, वर कौलांचं वजन. वरच्या आळीची घरं खालच्या आळीवर कोसळली. बोळातून पळावं तर दोन्ही बाजूंच्या भिंती अंगावर. वाचलेल्यांनी बर्फात झोपड्या बांधून दिवस काढले. जानेवारीत राजा बारावा अल्फोन्सो तशाच हवेत या गावांतून फिरला.

त्या मागोमाग शास्त्रज्ञ आले. स्पेनची समिती, फ्रान्समधून फर्डिनां फुके यांच्या नेतृत्वाखालचं पथक, इटलीतून तारामेल्ली आणि ज्युसेप्पे मेर्काल्ली. भूकंपानं किती पडझड केली त्यावरून त्याची तीव्रता ठरवणारी मोजपट्टी ज्यांच्या नावानं ओळखतात, ते हेच मेर्काल्ली. इतक्या देशांच्या पथकांनी एकाच भूकंपाचा प्रत्यक्ष जागेवर अभ्यास करावा, हे त्या काळी नवीनच होतं.

भूकंपाचं मूळ सफारायाजवळच्या भ्रंशात असल्याचं आज मानलं जातं. तीच खिंडीची बाजू, जिथून बतूता आला. आफ्रिकेचा भूखंड युरोपाला वर्षाला चार-पाच मिलीमीटर रेटतो आहे. त्या रेट्यानं हे डोंगर उभे राहिले, त्यांना तडे गेले, आणि ताण साठला की एखादा तडा सरकतो. सफारायाचा भ्रंश आणि अल्हामाच्या झऱ्याला वाट देणारे तडे एकच नव्हेत, पण एकाच जाळ्यातले आहेत.

पुनर्बांधणीसाठी देशविदेशांतून वर्गण्या आल्या. कड्यापासून दूर, सपाट जमिनीवर नवी वस्ती आखली. रस्ते रुंद नि सरळ, घरं बुटकी. जुन्या नि नव्या अल्हामातला हा फरक आजही पायी चालताना जाणवतो. जुन्या भागात दोन माणसं जेमतेम शेजारून जातील असे बोळ, नव्या भागात पडलेली भिंत रस्त्याच्या मध्यापर्यंतही पोहोचणार नाही एवढी जागा.

## भूकंपानं झरा आटायला हवा होता ना?

ही शंका रास्त आहे. जमिनीखालची वाट मोडली तर पाणी बंद पडावं. काही ठिकाणी तसं होतंही. अल्हामात उलट झालं. जुन्या स्नानगृहापासून थोड्या अंतरावर ऊन पाण्याचा नवा झरा फुटला. तेव्हापासून जुनी स्नानं नि नवी स्नानं अशी जोडी तिथे झाली.

कारण त्या क्षारांतच आहे. ऊन पाणी वर येता येता निवतं, त्यातले क्षार भेगांच्या कडांवर बसतात. शतकानुशतकं हे चाललं की वाट अरुंद होते, शेवटी बुजते. हादरा बसला की बुजलेल्या भेगा पुन्हा उघडतात, नव्या पडतात. म्हणजे अधूनमधून खडक हलत राहिला नाही तर असे झरे हळूहळू मरतील. अल्हामात ऊन पाणी आहे याचा अर्थच असा, की तिथली जमीन अजून स्वस्थ झालेली नाही. ग्रानादा प्रांत आजही स्पेनमधल्या भूकंपाचा धोका सर्वाधिक असलेल्या भागांत मोडतो, आणि तिथल्या नव्या इमारतींना त्या हिशेबानं बांधणं बंधनकारक आहे.

## ‘या पाण्यानं संधिवात बरा होतो’ हे खरं की थाप?

पूर्ण थाप नाही, पण ‘बरा होतो’ हा शब्दही चालणार नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की शरीराचं वजन सांध्यांवर पडतं ते जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. उष्णतेनं स्नायू सैल होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे दुखणं काही काळ हलकं होतं, आणि गुडघेदुखीसारख्या तक्रारींत त्याला अभ्यासांचा थोडाफार आधारही आहे. अडचण अशी की हे अभ्यास बहुतेक लहान आहेत, आणि औषधाच्या चाचणीत जशी खोटी गोळी देता येते तशी खोटी अंघोळ देता येत नाही. आपण ऊन पाण्यात बसलोय हे रोग्याला कळतंच. त्यामुळे क्षारांचा गुण किती, नुसत्या उष्णतेचा किती, आणि कामधाम सोडून आठ-दहा दिवस डोंगरात राहण्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण.

हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाब फार वरखाली होणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा पाण्यात उतरू नये. वज्रेश्वरीलाही नाही.

स्पेनच्या सरकारनं तरी यावर पैसे लावले आहेत. 1989 पासून निवृत्तिवेतनधारकांना स्नानगृहांत सवलतीत राहायची योजना चालते. त्यामागे आरोग्य आहेच, पण डोंगरातल्या छोट्या गावांना हंगामाबाहेरही गिऱ्हाईक मिळावं हाही हिशेब आहे.

## मग हे पाणी कुणाचं?

आता त्या सरकारमान्यतेकडे. स्पेनमध्ये नदी-विहिरीचं पाणी जलकायद्याखाली येतं, पण खनिज आणि औष्णिक पाणी येतं 1973 च्या खाणकायद्याखाली. म्हणजे सरकारच्या लेखी अल्हामाचा झरा हा तांब्याच्या किंवा शिशाच्या खाणीच्या पंगतीतला. तो वापरायचा तर परवाना लागतो, ठरावीक मुदतीचा. परवानाधारकाला झऱ्याभोवती संरक्षित क्षेत्र मिळतं, जिथे दुसऱ्या कुणी बोअर मारून पाणी पळवू नये. एका झऱ्याला पाणी पुरवणारा खडक मैलोन्मैल पसरलेला असतो, हे लक्षात घेतलं तर ही तरतूद किती गरजेची आहे ते कळतं.

आणि फोटोतली ती फुकटची कुंडं? ती हॉटेलच्या आवाराबाहेर, नदीच्या काठाला आहेत. स्नानगृहाकडचं ऊन पाणी तिथून नदीला मिळतं, लोकांनी दगड रचून त्याला अडवलं आहे. वरच्या कुंडात पाय टाकवत नाही इतकं कढत, खाली उतरावं तसं सोसवेल असं. घुमटाखालचं दालन पाहायचं असेल तर मात्र हॉटेलवाल्यांनी ठरवलेल्या वेळेतच जावं लागतं, आणि हॉटेल वर्षातला काही काळ बंद असतं. निघण्याआधी चौकशी करा. ग्रानादाहून बस आहे, पण दिवसाला फार फेऱ्या नाहीत.